दिलेला शब्द आणि थांबणारी मुले

व्यसनमुक्तीच्या सभांत एक वाक्य हमखास ऐकू येते. "मुलांनो, मनावर ताबा ठेवा!" टाळ्या पडतात, हारतुरे होतात, सभा संपते. मनावर ताबा असावा हे कोणाला मान्य नाही? पण तो ताबा येतो कुठून, लहानपणी अंगात मुरतो कसा, आणि कष्टकरी घरातल्या आई-बापाने त्यासाठी नेमके करायचे काय, हे त्या व्यासपीठावरून क्वचितच कोणी सांगतो. आम्ही दिवसा कचेरीत हिशेबाचे कागद हाताळतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या विहारात मुलांची अभ्यासिका चालवतो. बी. कॉम. झालेल्या कारकुनाने असल्या विषयावर लिहावे का, असे कोणी विचारील. विचारू द्या. गेली पंधरा वर्षे सातवी ते बारावीची मुले आमच्यासमोर सतरंजीवर बसत आली आहेत. काही डोळ्यांदेखत बिघडली, काही सावरली. त्यांच्याकडून जे शिकलो आणि जाणकारांकडून जे समजून घेतले, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो.

आमच्या लहानपणी मुंबईत 'गर्द' या शब्दाची दहशत होती. १९८० नंतरच्या वर्षांत ब्राऊन शुगर चाळींत आणि झोपडपट्ट्यांत शिरली. १९८२ च्या गिरणी संपाने हजारो घरे आधीच खचली होती, त्यात ही भर. पोर गर्दुल्ला झाले की घरातली तांब्या-पितळेची भांडी आधी जात, मग नळाची तोटी. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि त्यासाठी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी पैशाचे पाठबळ दिले, ते याच काळात. तेव्हाचा गर्दुल्ला लांबून ओळखू येई. आई मुलाला बोट दाखवून सांगत असे, "त्याच्या जवळ जाऊ नकोस."

आज बोट दाखवायचे कोणाकडे? नशा वह्या-पेनांच्या दुकानातून येते, पंक्चरच्या दुकानातून येते, औषधाच्या दुकानातून येते. व्हाइटनर, थिनर, सोल्यूशन, पोरे ज्यांना 'बटण' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधे. त्याच्या वरच्या पायरीवर एमडी, म्हणजे मेफेड्रोन. २०१५ च्या फेब्रुवारीत सरकारने ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले. पण त्यानंतर नऊ वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, पुणे पोलिसांना कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखानाच सापडला. कारखाने पकडणे पोलिसांचे काम. आमच्या हातात आहे ते अलीकडचे टोक, जिथे तेरा-चौदा वर्षांचे पोर पहिल्यांदा हात पुढे करते.

व्हाइटनरची बाटली आम्हा कारकुनांच्या टेबलावर वर्षानुवर्षे असे. खाडाखोड झाकायची वस्तू ती. म्हणून पुष्कळ पालकांना वाटते, हुंगले तर हुंगले, दारू-गांजा तर नाही ना! हा गैरसमज जीवघेणा आहे. या पदार्थांतले टोल्युइनसारखे द्रव श्वासावाटे फुप्फुसात आणि तिथून थेट मेंदूत जातात. त्यांच्यामुळे हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात आणि मूल जागच्या जागी दगावू शकते. पहिल्याच खेपेला असे झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. म्हणून एक सूचना इथेच सांगून टाकतो. मूल हुंगताना दिसले तर आरडाओरडा करून त्याच्या मागे धावू नका. घाबरून पळाल्याने हृदयावर एकदम ताण येतो आणि धोका वाढतो. शांतपणे जवळ जा, हातातली वस्तू काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. मार, शिव्या, रडारड यांना पुढे सगळा दिवस आहे.

बाटलीतल्या व्हाइटनरवर आणि थिनरवर केंद्र सरकारने २०१२ सालीच बंदी घातली. पेनाच्या रूपातला व्हाइटनर तेवढा चालू राहिला. तरी २०१९ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'ने केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात १० ते १७ वयाच्या मुलांचे प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा जास्त होते. मदतीची गरज असलेल्या अशा मुलांचा अंदाज होता ४ लाख ६० हजार. आमच्या अभ्यासिकेत तीस मुले मावतात. हा आकडा वाचल्यावर आम्ही नकळत भागाकार करू लागलो. कारकुनाची खोड, दुसरे काय!

आता एका मुलाची हकीकत. नववीत होता. मागे भिंतीला टेकून बसायचा. नाकाभोवती लाली, सतत खोकला, शर्टाला रंगाच्या दुकानासारखा वास. आम्ही त्याच्या आईला बोलावून घेतले. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, पदराला हात पुसतच आली. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, ह्याच्या बापाला सांगू नका, जीव घेईल पोराचा." आम्ही म्हटले, "ताई, आज नाही सांगत. पण उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ." पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी मुलाला एकट्याला आत घेऊन अर्धा तास बोलत बसवले. बाहेर रांग मोठी होती, तरी घाई केली नाही.

मुलगा आमच्याशी बोलू लागला तो दीड-दोन महिन्यांनी. का करायचास, असे विचारले तर आधी "मजा येते" एवढेच. मग एके दिवशी बुटांची गोष्ट निघाली. सातवीत असताना वडिलांनी फुटबॉलचे बूट कबूल केले होते. पगार झाल्यावर, दिवाळीला, मग वाढदिवसाला, मग परीक्षा झाल्यावर. नववी आली, बूट नाहीत. "घरात बोलतात ते खरं नसतं, सर," तो म्हणाला. रागाने नव्हे, गणिताचे उत्तर सांगावे तसा. "मग थांबून काय उपयोग? जे आत्ता आहे ते आत्ता."

वडील खोटे बोलणारे नव्हते हो. ठेकेदाराकडे गाडीवर होते. ठेकेदार पगार कधी दहा तारखेला देई, कधी पंचवीसला, कधी अर्धा. ज्याचा पगार दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याने शब्द द्यायचा तरी कसा? पण पोराला ठेकेदार दिसत नाही, बाप दिसतो.

या मुलाच्या वाक्याचा अर्थ आम्हाला पुरता कळला तो पुढे काही परदेशी प्रयोगांची माहिती वाचताना. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात एक प्रयोग सुरू केला. लहान मुलासमोर मार्शमॅलो नावाची मऊ गोळी किंवा तसाच खाऊ ठेवायचा आणि सांगायचे, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. काही मुले थांबली, काहींनी लगेच खाल्ले. वर्षांनी पाहिले तर थांबणारी मुले परीक्षांत पुढे होती. झाले! जगभर डंका पिटला गेला की संयम असलेले मूल तरते, नसलेले बुडते. आमच्या वस्तीकडे बोट दाखवून "यांच्या मुलांना संयमच नाही" म्हणणाऱ्यांना हे आयते कोलीत.

पण ती मुले बहुतेक विद्यापीठातल्या माणसांची होती. २०१८ साली नऊशेहून अधिक, सर्व थरांतल्या मुलांची माहिती घेऊन तपासले, तेव्हा तो संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तर तो आणखीच कमी झाला. आणि त्याआधी, २०१३ साली, रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर प्रत्येक आई-बापाने ऐकावा असा आहे. २८ मुले, वय तीन ते पाच. त्यांना रंगवायला साधे साहित्य दिले आणि सांगितले, थांबलात तर याहून छान आणून देतो. निम्म्या मुलांना खरोखर आणून दिले. उरलेल्या निम्म्यांना बाई परत येऊन म्हणाल्या, "माफ कर, ते नाहीच आमच्याकडे." त्यानंतर तोच गोळीचा प्रयोग केला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांची फसगत झाली होती ती तीन मिनिटे. मुले सारखीच होती. फरक पडला तो मोठ्या माणसाच्या एका शब्दाने.

आम्ही हे वाचले आणि बुटांची गोष्ट आठवली. तीन मिनिटांवाल्या मुलांना संयम नव्हता असे कोण म्हणेल? त्यांनी हिशेब केला होता, आणि तो बरोबर होता.

त्या आईने काय केले ते सांगतो, कारण डॉक्टरबाईंच्या औषधाइतकेच ते महत्त्वाचे ठरले असे आमचे मत आहे. तिने एक कुलपाचा डबा घेतला. दर रविवारी वीस रुपये बुटांसाठी त्यात टाकायचे. किल्ली तिच्याकडे, वही मुलाकडे. वहीत जमा, खर्च, शिल्लक असे रकाने आम्हीच आखून दिले. आमची त्यातली कामगिरी एवढीच. सतरा आठवडे झाले, डब्यात ३४० रुपये होते, आणि भर पावसात घरातला गॅस संपला. ठेकेदाराचा पत्ता नाही. मुलगा म्हणाला, डबा उघड. आईने डबा उघडला नाही. शेजारच्या मावशींकडून उसने आणले, दोन दिवस त्यांच्याच शेगडीवर भात शिजवला. मधल्या काळात मुलाचा पाय दोनदा घसरला, एकदा दिवाळीच्या सुट्टीत आणि एकदा फेब्रुवारीत. नातेवाईक म्हणाले, आता डबा बंद कर, लायकी नाही त्याची. ती म्हणाली, "तो चुकला म्हणून मी माझा शब्द कसा मोडू?" अडतीस रविवारांनी ७६० रुपयांत बूट आले. कंपनीचे नव्हते, पण नवे होते.

तो मुलगा आज आयटीआयला जातो. सगळे आलबेल आहे असे आम्ही लिहिणार नाही. दर महिन्याला तारखेला रुग्णालयात जातो, एवढे खरे.

या वयाचा दोषही समजून घ्यायला हवा. मौजेची, धाडसाची, मित्रांत मिरवण्याची ओढ मेंदूत तेराव्या-चौदाव्या वर्षी जोरात जागी होते. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा, कपाळामागचा भाग मात्र सावकाश वाढत पंचविशीच्या आसपास पुरा होतो. एवढी वर्षे मुलाचा थोडा लगाम घरच्यांच्या, शिक्षकांच्या, वस्तीच्या हातात असावा लागतो. आणि हा लगाम म्हणजे दोर नव्हे. वेळेवर घरी येणारा बाप, ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी अभ्यासिकेचे उघडणारे दार, यांनीही मूल आवरले जाते. आमची अभ्यासिका सात वाजता उघडते म्हणजे सातलाच उघडते, लोकल उशिरा आली तरी. त्यासाठी दुसरी किल्ली एका मोठ्या मुलीकडे ठेवली आहे.

पगार हातात नसलेल्या घराने काय करावे? जमणार नाही ते कबूल करू नये. "बघू", "आणू कधीतरी" म्हणण्यापेक्षा "यंदा नाही जमणार, कारण हे" असे स्पष्ट सांगावे. मूल रुसेल, पण फसणार नाही. आणि ज्यांना पैसा लागत नाही असे लहान शब्द मात्र रोज द्यावेत आणि पाळावेत. आठला येतो म्हटले की आठला यावे. रविवारी मॅच बघायला येईन म्हटले की मैदानाच्या कडेला उभे राहावे. उशीर होणार असेल तर फोन करावा. आता घरोघरी फोन आहे, त्याचा तेवढा तरी उपयोग व्हावा!

अभ्यासिकेत आम्ही एक सराव घेतो. नशा देऊ करणारा कोणी अनोळखी गुंड नसतो, वर्गातला मित्र असतो, चुलत भाऊ असतो. त्याला 'नाही' म्हणणे जड जाते. म्हणून दोन-दोन मुले समोरासमोर उभी करतो. एक आग्रह करतो, दुसऱ्याने टाळायचे. पहिल्या दिवशी खिदळणे चालते. मग त्यांची वाक्ये त्यांनाच सापडतात. "उद्या मॅच आहे." "आई तोंडाचा वास घेते रे." "मला नको, मी निघतो." वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही, जागा सोडायची. शिवाय तलफ ही पाण्याच्या लाटेसारखी चढते आणि उतरते, हे त्यांना सांगतो. दहा-पंधरा मिनिटे कशीतरी काढली तर बहुतेक वेळा तिचा जोर ओसरतो. तेवढा वेळ पाणी प्यावे, चालायला जावे, कोणाशी तरी बोलावे, किंवा विहारात शिकवली जाते तशी आनापानसती करावी, येणारा-जाणारा श्वास नुसता पाहावा. मात्र जे मूल आधीच व्यसनात रुतले आहे त्याला एवढ्याने भागत नाही. तो आजार आहे, त्याला डॉक्टरच हवा. कोंडून ठेवणे, चटके देणे, अंगारे-धुपारे हे उपचार नव्हेत.

आता थोडे आपल्याविषयी. पाचवे शील आपण सगळेच म्हणतो. मद्य आणि मादक वस्तू प्रमादाला, म्हणजे गाफीलपणाला कारण होतात म्हणून त्यांपासून दूर राहायचे, असे कारणासह ते सांगितले आहे. ते कोणाचे फर्मान नाही. आपण स्वतः घेतलेला तो नियम आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हाही दिलेला शब्दच की! आणि मुले पाहतात. वंदनेच्या आधी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवणारे काका त्यांना दिसतात. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागे काय चालते तेही दिसते. तंबाखूची पुडी आणायला पोरालाच पिटाळणारे बाप आमच्या चाळीत आजही आहेत. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या महिला मंडळाने शाळेजवळच्या दुकानदाराला हे कलम कागदावर लिहून नेऊन दाखवले. भांडण नाही, घोषणा नाही. आठ बाया दुकानासमोर शांत उभ्या राहिल्या आणि कागद वाचून होईपर्यंत हलल्या नाहीत. थिनरच्या बाटल्या फळीवरून गेल्या.

पुष्कळ पालक पोलिसांच्या भीतीने मुलाचे व्यसन लपवतात. त्यांनी हे जाणून घ्यावे की, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ हे कलम आहे. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा वा सेवनाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. व्हाइटनर-सोल्यूशन तर त्या कायद्यात येतही नाही. तेव्हा लपवण्यात फक्त वेळ जातो. कोणाला विचारावे हे कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. मुलांच्या कोणत्याही अडचणीसाठी १०९८ आहे. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. सकाळी लवकर जावे, रांग असते. पहिल्या दिवशी शक्यतो आई-बाप दोघांनी जावे, एका दिवसाचा खाडा पडेल तो पडू द्यावा. पुढची तारीख मिळाली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाच्या हातानेच लिहून घ्यावी, आणि केसपेपर जपून ठेवावा, तो पुढच्या वेळी लागतो.